पोरगी उद्याच्या खेळात परत

१६ जून २०१३, रविवार. लातूर

आलो एकदाचे. अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर. एवढा वेळ यष्टीत, आणि मांडीवर केळीचा घड. लुंबिनी म्हणती, आजी, केळी लातुरात मिळतात. मिळत असतील गं बाई, पण ती बी अर्धापूरचीच असतात, आठ दिवस हिंडून आलेली.

लुंबिनी माझ्या आनंदराजची एकुलती एक. तिला डॉक्टर व्हायचंय. अकरावी नांदेडात झाली, बारावीला मात्र लातूरचा क्लास पाहिजे म्हणून हट्ट. आनंदराज जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सून दवाखान्यात नर्स, दोघांची नोकरी सुटत न्हाई. मग उरलं कोण? म्हातारी. इथं ट्यूशनच्या भागात घराघरात हेच हाय. एका खोलीत एक पोरगं पुस्तकाला जुंपलेलं आणि एक म्हातारी गॅसला. निलंग्याची म्हातारी, मुरुडची म्हातारी, देगलूरची म्हातारी. पोरं डॉक्टर होतील का न्हाई ते पुढं कळंल. गुडघे आमचे आधी जातील.

ही वही क्लासवाल्यांनी फुकट दिली. वर पास झालेल्या पोरांचे दात काढलेले फोटो, आत सगळी पानं कोरी. लुंबिनी म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलून राहतेस, माझं ध्यान लागत न्हाई, जे बोलायचं ते हिच्यात लिही. मी पन्नाशीला साक्षरता वर्गात लिहायला शिकले. सही येती, पत्र येतं, यष्टीची पाटी वाचता येती. चुकलं तर वही कुठं हसणार हाय.

खोली चांगली हाय. खिडकी पूर्वेला, मोरी आतच. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावायला मालकानं स्वतः खिळा ठोकून दिला. बाजूच्या दोन खोल्या रिकाम्याच हायत. जून महिन्यात लातुरात खोली रिकामी, याचं मला जरा नवल वाटलं. पण म्हणलं, बरंय, गलका न्हाई. पोरीचा अभ्यास होईल.

२६ जून, बुधवार

मालकाचं नाव गुरुबसप्पा. मूळचे निलंग्याकडचे, पंचाहत्तरी गाठलेली, पण केस काळे करतात आणि चालतात असे की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बघायला उभे हायत. गल्ली त्यांना मास्तर म्हणती. मला वाटलं शाळेतले. भिंतीपलीकडच्या घरातली साखराबाई, ही मुरुडची, नातवाला घेऊन आलेली, ती म्हणाली शाळेतले कुठले, जादूचे. स्टेजवर जिवंत वाघीण घेऊन यायचे. मी म्हणलं, एवढा खटाटोप कशाला, आमच्याकडं एक जण नुसत्या कोंबडीवर जत्रा काढायचा.

मास्तर स्लॅबखाली निजत न्हाईत. भूकंप झाल्यापासून वऱ्हांड्यात पत्र्याखालीच बाज. त्यात काही नवल न्हाई, या बाजूला अर्धी माणसं अशीच निजतात. मागं अंगणात एक मोठी पत्र्याची शेड हाय, तिला कुलूप. तिकडं जायचं न्हाई, एवढी एकच अट.

आज मला अक्का म्हणून हाक मारली आणि खाली मान घालून विचारलं, दर बुधवारी खाटकाकडून दोन किलो आणून द्याल का, हाडासकट, कच्चंच. ते लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा जपून. गल्लीतल्यांनी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. आम्हाला काय, आम्ही खाणारे. मी विचारलं कुणासाठी. म्हणाले, कुत्र्यासाठी.

आणून दिलं. या अंगणात कुत्रं न्हाई. मांजर सुद्धा भिंतीवरून येतं आणि शेड पाहून माघारी जातं.

१० जुलै, बुधवार

तिसऱ्यांदा मटण आणलं. पहिल्या दोन खेपेची हाडं उकिरड्यावर पाहिली. मी सत्तर वर्षं हाडं बघून राहिले. कुत्र्यानं खाल्लेलं हाड वेगळं, माणसानं खाल्लेलं वेगळं. ही हाडं खरवडल्यासारखी पांढरी होती, कानशीनं घासल्यागत.

साखराबाई म्हणती, दाराला लिंबू बांध. मी म्हणलं, बाई, आमच्यात भूतखेत चालत न्हाई. छप्पन सालात बापानं देव्हारा नेऊन नदीत सोडला, तो काय लिंबासाठी? तिनं नाक मुरडलं. मुरडो.

लुंबिनीचे टेस्टचे मार्क चांगले हायत. चष्म्याचा नंबर मात्र वाढला.

२१ जुलै, रविवार

मालकाच्या घरात पुण्याहून पाहुणे. उर्वी नावाची पोरगी, केस कापलेले, तोंडानं गोड. सोबत मिहिर, तो क्यामेरा धरतो आणि बोलत न्हाई. वाघ, सिंह, बिबट्या घेऊन स्टेजवर जादू करणारे जे जुने लोक होते त्यांच्यावर त्यांचा माहितीपट चाललाय. चार राज्यं हिंडून आलेत. उर्वी सांगत होती, एका जादूगाराच्या सिंहाला दातच न्हवते, त्याला दूधभात चालायचा आणि लोक पुढच्या रांगेत बेशुद्ध पडायचे. दुसऱ्याचा बिबट्या खेळ संपला की मालकाच्या बायकोच्या पदराखाली जाऊन बसायचा. आता सरकारची बंदी हाय. जनावरं गेली आणि माणसं उरली, टाळ्यांची सवय घेऊन.

शेड उघडली. मी बी गेले, माहितीपटात म्हातारी असली तर काय बिघडतं. आत एक लाल पेटी. कपाटाएवढी उंच, चार चाकांवर, सोनेरी पट्टे उडालेले. मधोमध एक सरकती फळी. एका कप्प्यात पोरगी शिरायची, मास्तर पेटी गरगर फिरवायचे, दार उघडलं की वाघीण. पुन्हा वाघीण आत, आणि पोरगी बाहेर. वाघिणीचं नाव जमना.

मास्तरांनी सगळं क्यामेऱ्याला सांगितलं. फळी बोटभर जाड. पलीकडं जमना, अलीकडं पोरगी अंग चोरून. मग ती पोरीला का खात न्हवती? वासामुळं. खेळाआधी महिना दोन महिने पोरगी जमनाच्या पोत्यांवर निजायची आणि पोरीचे उतरलेले कपडे जमनाच्या पिंजऱ्यात टाकायचे. मग जनावराला वाटतं, फळीपलीकडं आपणच आहोत. अंगाला साबण लावायचा न्हाई, हा पहिला नियम.

शेडमध्ये उग्र वास होता. वाघीण कधी मेली, मी विचारलं. मास्तर म्हणाले, वनखात्यानं नव्याण्णव साली नेली, त्याच वर्षी तिकडं मेली.

चौदा वर्षं जुना वास असा ओला असतो का, मला ठाव न्हाई.

४ ऑगस्ट, रविवार

आज मास्तर रडले. क्यामेऱ्यापुढं रडणं निराळं असतं, हे तसं न्हवतं.

पेटीत शिरणारी पोरगी म्हणजे त्यांची भाची सिंधु. सोळा वर्षांची. आईबाप न्हवते, मामानंच वाढवलेली. त्र्याण्णव साली किल्लारीच्या लगतच्या एका गावात गणपतीत खेळ लावला होता. मास्तरांची एक रीत होती. गाव मोठं असलं की पहिल्या दिवशी खेळ अर्धाच ठेवायचा. पोरगी पेटीत गेली, वाघीण बाहेर आली, पडदा. पाटी लावायची: पोरगी उद्याच्या खेळात परत. मग रातभर गावात दुसरा विषय न्हाई, आणि उद्या तंबूत पाय ठेवायला जागा न्हाई.

पण तोवर पोरगी कुणाच्या नजरेला पडायला नको. म्हणून मास्तरांनी तिला एका दगडी घराच्या आतल्या खोलीत ठेवलं, वर मातीचं जाड माळवद. बाहेरून कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात. विसर्जन करून गाव निजलं. पहाटे चारच्या आत भूकंप.

पिंजरा उघड्यावर, जमनाला ओरखडासुद्धा न्हाई. ते घर मात्र बसलं. मिलिटरीनं दगड उपसले. त्या घरातली बाकीची मढी मिळाली. सिंधुचं मिळालं न्हाई. गावातली जी चार माणसं वाचली ती मास्तरला म्हणाली, तुमची पोरगी दगडाखाली कशी मिळंल, आम्ही डोळ्यानं पाहिलं, ती पेटीत गेली ती बाहेर आलीच न्हाई. खेळ तुम्ही अर्धा सोडला.

तेव्हापासून, मास्तर म्हणतात, सिंधु अशी हाक मारली की जमना उठून उभी राहायची.

मला दया यायला पाहिजे होती. मी एवढंच विचारलं, कुलूप कशाला घातलं. मास्तर म्हणाले, पोर चंचल होती अक्का, बाहेर आली असती. आली असती तर वाचली असती, हे मी बोलले न्हाई. ते त्यांना वीस वर्षं ठाव असंल.

१८ ऑगस्ट, रविवार

उर्वीच्या डोक्यात किडा शिरलाय. म्हणती, माहितीपटात आपण तो खेळ पुरा करू. तिच्याकडं त्या दिवसाची जुनी क्यासेट हाय, तिच्यात जमना पेटीबाहेर उभी दिसती. आता मास्तरांनी नुसती साखळी धरून जमनाला पेटीत नेल्यासारखं करायचं, आणि मग पेटीतून सोळा-सतरा वर्षांची पोरगी बाहेर. जुनं-नवं कापून जोडायचं. म्हाताऱ्याच्या जिवाला शांतता मिळंल, पाहणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येईल.

पोरगी कुठली, तर लुंबिनी. अंगानं काटकुळी, बरोबर मावती.

लुंबिनी नको म्हणाली. तिला ती पेटी आवडली न्हाई. आणि मी, शहाणी, मी तिला सगळ्यांसमोर टोचलं. म्हणलं, उद्या मढी फाडायची तुला आणि लाकडाच्या खोक्याला भितेस? आपण कोण हाओत ते विसरलीस का? तिकडून साखराबाई कान देऊन होती, तिला ऐकू जावं म्हणून अजून मोठ्यानं म्हणलं.

पोरीनं चष्मा काढून पुसला. मग हो म्हणाली.

तारीख ठरली २९ सप्टेंबर. तिची टेस्ट सकाळी हाय, दुपार मोकळी.

८ सप्टेंबर, रविवार

लुंबिनीच्या गादीखाली पोती सापडली. दोन. जुनी, काळपट, पिवळे केस चिकटलेली. आठ दिवसांपासून म्हणतेय खोलीत कसला वास येतो. तिची एक ओढणी आणि क्लासचा जुना ड्रेस बी वाळत घातलेला गेला होता, मी माकडांवर आळ घेत होते.

मास्तरला जाऊन झाडलं. ते शांत. म्हणाले, अक्का, खेळ आहे तर रीत पाळली पाहिजे. मी म्हणलं वाघीण न्हाई तर वास कुणासाठी? ते उठून शेडचं कुलूप ओढून बघायला गेले.

पोती अंगणात नेऊन रॉकेल टाकून जाळली. गादी उन्हात टाकली. लुंबिनीचे झाडून सगळे कपडे निरम्यात भिजवले आणि दुपारभर धोपटले. तिला सुद्धा शिकेकाई लावून न्हाऊ घातलं, लहान लेकरागत. आता कसा स्वच्छ वास येतोय पोरीला.

२२ सप्टेंबर, रविवार

एकदा करून पाहिलं, क्यामेऱ्याशिवाय. लुंबिनी आत गेली, मास्तरांनी दार लावलं, उघडलं, बाहेर आली. एक मिनिट बी न्हाई लागलं.

चष्मा पुसत म्हणाली, आत बाहेरून दिसती त्याहून जास्त जागा हाय. आणि म्हणाली, पाय लांब केला तर पायाला केस लागले. गरम.

मी म्हणलं पोतं असंल.

पोतं तर मी जाळलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

उर्वीला म्हणलं दुसरी पोरगी बघ. ती म्हणाली आजी, चार दिवसांत कुठून आणू, आणि तुम्हीच तर म्हणालात. हाव, मीच म्हणाले. साखराबाई भिंतीवरून हसली. म्हणाली, का गं चांगुणा, आता लिंबू देऊ का.

तिथंच मी आडले. तिच्या तोंडावर नको म्हणवेना. माझी जीभ लांब हाय हे मला ठाव होतं, पण एवढी लांब की पोरीच्या गळ्यात पडंल—

आज हातच लागत न्हाई कशाला. दोनदा कुकर लावला, दोनदा पाणी घालायचं विसरले.

२९ सप्टेंबर, रविवार, सांज

जसं झालं तसं लिहिते.

तीन वाजता सुरू केलं. मास्तर लाल कोट घालून. हातात साखळी, साखळीला काहीच न्हाई. त्यांनी ती पेटीच्या मागल्या दारानं आत नेल्यासारखी केली. मिहिर क्यामेऱ्यातून बघत होता, मी पेटीकडं. साखळी ताणलेली होती. आणि पेटी चाकांवर खाली दबली. लाकूड करकरलं. दोन माणसांचं वजन पडल्यागत.

मी लुंबिनीचा हात धरला. ती म्हणाली सोड आजी, सगळे बघतायत. पुढच्या दारानं आत गेली. पेटी फिरवली. दार उघडलं.

पोरगी बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लुंबिनी न्हवती.

दुसरीच. अंगात चमकीचा झगा, दोन वेण्या, लाल रिबिनी. डोळ्यावर हात धरून उभी. केसांतून पांढरी माती गळून राहिलेली, माळवदाची. उर्वी म्हणाली वा मास्तर, ही कुठं लपवली होती, आम्हाला बी फसवलंत. मास्तर गुडघ्यावर बसले. 

त्या पोरीनं मामाला कानडीत काहीतरी विचारलं. मग आम्हाला मराठीत. विसर्जन झालं का. आणि आजच्या खेळाला माणसं आली का.

पेटी रिकामी होती. फळी सरकवून पाहिली, तळ ठोकून पाहिला, चाकाखाली पाहिलं. लुंबिनीचा चष्मा तेवढा मिळाला.

३० सप्टेंबर

आनंदराज रातोरात आला. पोलिसात गेलो. तिथला माणूस वर बघंना. म्हणाला, क्लासची पोरं जातात पळून, कालची टेस्ट अवघड गेली होती का? मित्र वगैरे? दर महिन्याला असे चार कागद येतात म्हणे. मी पेटीचं सांगितलं. आनंदराजनंच मला गप केलं, लोकांसमोर, आईला. त्याचा बी दोष न्हाई.

उर्वी आणि मिहिरचा जबाब घेऊन सोडलं. ते अजून मानतात की मास्तरनं दोन पोरी बदलल्या आणि आमची शेडच्या मागल्या दारानं निघून गेली. मागं दार न्हाई त्या शेडला. सांगितलं. पण—

ती पोरगी आमच्या खोलीत हाय. कुठं ठेवणार. भाकरी दिली, खाल्ली. दोनदा न्हाऊ घातलं, केसातली माती संपत न्हाई.

१ ऑक्टोबर

दुपारी पेटीला कान लावला.

लुंबिनी हाय. आत. लई लांबून, विहिरीतून आल्यागत. पाठांतर करून राहिली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. भ्या वाटलं की ती असंच करती, लहानपणी पाढे म्हणायची.

दार उघडलं. रिकामी.

दार लावलं. हायड्रोजन, हेलियम—

सिंधुला बसवून विचारलं. ती साधी पोरगी हाय, विचारलं तेवढं सांगती. म्हणाली आत फळी हाय आणि फळीपलीकडं जमना. अंगाला तिचाच वास असला तर ती काही करत न्हाई. वास उतरला की फळी ढकलायला लागती.

मी लुंबिनीला शिकेकाई लावली होती.

मीच.

१ ऑक्टोबर, सांज

मास्तरला गळ्याला धरलं. ते म्हणाले, अक्का, मला वाटलं दोघी निघतील. मला सिंधुची हाक तेवढी ऐकू यायची, वीस वर्षं. म्हणून पेटीत मटण टाकत होतो, पोट भरलेलं असलं की जमना फळीला हात लावत न्हाई. आज मी स्वतः खाटकाकडं जाऊन आणलं, दोन किलो टाकलं. हाडं आली बाहेर. अजून वेळ हाय.

म्हणलं आता बोला, कशी काढायची. म्हणाले, एक आत गेली तर एक बाहेर येती. एवढाच खेळ.

२ ऑक्टोबर

लिहायची लाज वाटती पण वहीला खोटं काय सांगू.

सकाळी सिंधुचा हात धरला आणि शेडकडं ओढत नेलं. तू गेली होतीस, तूच जा परत. माझी पोरगी तुझ्या जागी का. ती रडली न्हाई, हात ओढून घेतला न्हाई. पेटीपुढं उभी राहिली आणि वाकून चपला काढून ठेवायला लागली. बाजूला, नीट, जोडीनं. शिकवलेलं होतं तसं. मग विचारलं, आजी, या वेळी कुलूप लावणार न्हाई ना.

हात सुटला माझा.

मला दया आली असं न्हाई. पण ते माझ्यानं झालं न्हाई एवढं खरं.

खोलीवर आणलं. चहा दिला. तिच्या चपला मीच उचलून आणल्या.

साखराबाई लिंबू घेऊन आली होती. आज हसली न्हाई. मी म्हणलं, भूत न्हाई बाई हे. एका माणसानं काम अर्धवट सोडलेलं हाय. अर्धवट काम पुरं करावं लागतं, त्याला लिंबू काय करणार.

३ ऑक्टोबर, सकाळ

मटण तसंच परत. कालचं. शिवलं सुद्धा न्हाई.

पेटीला कान लावला. लिथियम, मग थांबते. लिथियम. थांबते. मधेच काहीतरी घासतंय. लाकडावर.

आनंदराज पोलिसात गेलाय. बरं झालं. मास्तरला तयार केलं. म्हणाले अक्का, तुमच्या अंगाला वास न्हाई. म्हणलं, माझ्या अंगाला लसणाचा हाय, तो चालंल.

माझी चिंता न्हाई. उगाच मोठेपणा नको, मला बी मरायची हौस न्हाई. पण पोरगी नको म्हणाली होती आणि मी—

३ ऑक्टोबर, दुपार

पेटीत. मोबाईलच्या बॅटरीवर लिहून राहिले. हात चालू असला की बरं. मास्तरनी दार लावलं. कुलूप न्हाई घालायचं, सिंधु बाहेर उभी हाय, तिला सांगितलंय लक्ष ठेव.

खरंच जागा जास्त हाय. पाय पुरे लांब होतात. खालून फट हाय, तिच्यातून ऊन येतं, बोटभर.

पेटी फिरली. डोकं गरगरलं.

लुंबिनी जवळ हाय. आता अगदी कानाशी. लिथियम— मी म्हणलं लुंबिने, मी हाय. तिनं— थांबली. हात लागला. गार. तिचाच. पेनाचा घट्टा हाय बोटाला.

म्हणलं जा. उजेड दिसंल तिकडं जा. मागं बघू नको.

हात सुटला.

बाहेर खोकला. पोरगी खोकते. सिंधु ओरडली, आली, आली म्हणून. मास्तर रडतायत. लुंबिनी म्हणती चष्मा कुठंय. आज वार कुठला, टेस्ट बुडाली का— बया, बाहेर आल्या आल्या टेस्ट.

आली. बाहेर आली.

आता इथं कोणी पाठ म्हणत न्हाई. लई शांत. फळीपलीकडं श्वास हाय. मोठा. वास घेऊन राहिलंय. लसूण कळंना झाला असंल तिला.

फळी हलली.

वही फटीतून बाहेर सारते. लुंबिने, भाकरी दुरडीत हाय, वांग्याची भाजी पातेल्यात, आधी जेव, मग रड. त्या पोरीला बी वाढ. मी ये म्हणलं तरी यायचं न्हाई, आतून माझी हाक आली तरी, पाढे म्हणले तरी. मास्तरला सांग पेटी पुन्हा उघडायची न्हाई, कोणासाठी बी न्हाई, माझ्यासाठी तर बिलकुल—